मधले दिवस

फेदेरेसीला गाव वचकून असे ते तिच्या तोंडाला. ती शिव्या द्यायची असं नाही. ती विचारायची. मिशनच्या शाळेत असताना तिने भर वर्गात गोऱ्या फादरना विचारलं होतं, "कोंबडा नसला तरी कोंबडी अंडं घालते, मग कोंबड्याचं काम काय?" फादरचे कान लाल झाले. ते म्हणाले, आईला विचार. आई म्हणाली, आत्याला विचार. आणि आत्या म्हणाली, "तुझं लग्न ठरू दे, मग सांगते."

तेव्हापासून फेदेरेसी लग्नाची वाट बघत होती, ती नवऱ्यासाठी कमी आणि उत्तरासाठी जास्त.

आमच्याकडे, मसाकाच्या या टेकड्यांवर, पोरीला संसाराचं शिकवायचं काम आईचं नसतं, बापाच्या बहिणीचं असतं. तिलाच सेंगा म्हणायचं. फेदेरेसीचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या सेंगाने तिला केळीच्या बागेत चटईवर बसवलं आणि सगळं सांगितलं. नवऱ्याला कसं जवळ घ्यायचं, कसं लांब ठेवायचं, पोर कधी राहतं, कधी राहत नाही. फेदेरेसीने इतके प्रश्न विचारले की म्हातारी शेवटी कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं बये, तुला नवऱ्याकडे पाठवतेय मी, परीक्षेला नाही!"

नवरा शिंपी होता, स्वभावाने मऊ. त्याच्यापासून तिला चार मुलं झाली, आणि पुढे एका पावसाळ्यात तो तापाने गेला. भाऊ रक्तातून आणि अंथरुणातून पसरणाऱ्या त्या मोठ्या आजाराच्या वर्षांत गेला, त्याच्यामागून वहिनीही गेली. त्या वर्षांत आमच्याकडे ज्या घरात कोणी गेलं नाही असं घर शोधावं लागे. भावाची धाकटी पोर नाबोसा फेदेरेसीच्या पदरात आली. आत्या होती, ती आई झाली.

आणि हळूहळू ती गावाची सेंगा झाली. ज्यांना स्वतःची आत्या उरली नव्हती अशा पोरी त्या काळात पुष्कळ होत्या. लग्न ठरलं की त्यांना फेदेरेसीकडे आणत. तिची शिकवणी म्हणजे बागेतून हसण्याचे फवारे. "अंथरुणात लाज सोडायची," ती सांगायची, "पण अक्कल सोडायची नाही. नको असेल तर नको म्हणायचं. हवं असेल तर पुरुषाला ओळखायला लावत बसू नका, त्याला भाजणीला आलेला मका ओळखता येत नाही, तुम्ही काय ओळखू येणार?"

दिवसांबद्दल मात्र ती जशीच्या तशी आपल्या आत्याची शिकवण सांगायची. रक्त येणं म्हणजे गर्भाशयाचं दार उघडल्याची खूण. रक्त थांबलं की लगेचचे जे दिवस, ते पोराचे. मग दार हळूहळू मिटतं. महिन्याचे मधले दिवस म्हणजे कुलूप. ज्यांना पोर हवं त्यांनी पाळी संपताच नवऱ्याजवळ जावं, आणि ज्यांना नको त्यांनी मधल्या दिवसांत मजा करावी.

तिने स्वतःही एक गोष्ट टिपली होती. मधल्या दिवसांत बाईची तऱ्हाच वेगळी असते. केस नीट विंचरले जातात, विहिरीवरून येताना चाल बदलते, पुरुषाच्या थट्टेला उत्तर पटकन येतं. तिने कितीतरी जणींना विचारून बघितलं होतं, "तुला कधी जास्त वाटतं गं?" बऱ्याच जणी लाजून का होईना, हेच दिवस सांगायच्या. फेदेरेसीला देवाचं कौतुक वाटे. दार बंद करून वर इच्छा दिली! ओझं नाही, नुसती मौज. देवही कधीतरी बाईच्या बाजूने विचार करतो म्हणायचा.

मधल्या दिवसांत कोणाला पोर राहिलं, तर ती म्हणे, "मोजण्यात चुकलीस." आणि बाईलाही वाटे, चुकलेच असेन.

नाबोसाला दोन मागण्या आल्या. एक मास्तर होता, सायकलवाला, घरावर पत्रे. दुसरा लुतवामा, तळ्यावरचा कोळी, ज्याच्याकडे एका होडीतला वाटा आणि दिवा सोडून काही नव्हतं. नाबोसाने कोळी निवडला. फेदेरेसीला राग आला नाही, पण कुतूहल वाटलं. तिने पोरीला समोर बसवलं.

"का गं? मास्तर का नको?"

"मास्तर चांगला आहे, आत्या."

"मग?"

"लुतवामाच्या मानेला वास येतो."

"मासळीचा."

"मासळीच्या खालचा," नाबोसा म्हणाली आणि ओढणीत तोंड लपवून हसली.

फेदेरेसी त्यावर कितीतरी दिवस विचार करत होती. नाक निवडतं की डोळा? की आधी मन निवडतं आणि मग नाकाला साक्षीला बोलावतं? तिला स्वतःच्या शिंप्याचा वास आठवला, इस्त्रीच्या कोळशाचा आणि नव्या कापडाचा. तिने लग्नाला हो म्हटलं. अट एकच: दोघांनीही तालुक्याला जाऊन रक्त तपासून यायचं. भाऊ ज्याने गेला त्यात तिला पोरीला ढकलायचं नव्हतं. दोघांचंही रक्त स्वच्छ निघालं आणि मागणीच्या सोहळ्यात फेदेरेसीने लुतवामाला कानाला धरून मांडवात आणलं, तेव्हा हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

लुतवामा मुकेने पकडायचा, करंगळीएवढी चंदेरी मासळी. ती दिव्याला भुलते, म्हणून अंधाऱ्या रात्रीच तिची शिकार. चंद्र मोठा झाला की दिव्याला कोण विचारतो? मग होड्या वाळूवर चढतात आणि कोळी घरी जातात. लुतवामा पौर्णिमेच्या सुमाराला येई आणि चंद्र उतरणीला लागला की परत निघे. आणि नाबोसाची पाळी अशी नेमकी की पौर्णिमेला ती नुकती मोकळी झालेली असे. थोडं पुढेमागे झालं तर ती मासळीच्या ट्रकवाल्याबरोबर निरोप पाठवी आणि तो त्या मानाने येई. फेदेरेसी खूश होती. "चंद्रच तुझी सेंगा आहे बघ," ती म्हणायची. "उघड्या दारात नवरा आणून उभा करतो."

वर्ष गेलं. दुसरं गेलं. मग लोकांनी मोजायचं सोडलं आणि बोलायला सुरुवात केली. लुतवामाची आई त्याच गावात राहायची, तिच्या जिभेला हाड नव्हतं. "शेताला कुंपण छान आहे," ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणे, "उगवत मात्र काही नाही." पुढे ती उघड दुसऱ्या सुनेची भाषा बोलू लागली. नाबोसा तिला गुडघे टेकून नमस्कार करी, जेवण वाढी, आणि आत्याकडे येऊन काही न बोलता शेंगदाणे कुटत बसे. फेदेरेसीने मुळ्या दिल्या, पाले दिले, कमरेला मणी बांधले. आणि दर खेपेला तेच सांगितलं, "दिवस सांभाळ. पाळी संपली की लगेच."

पोरीने पाच वर्षं दिवस सांभाळले.

मग गायीची गोष्ट झाली.

फेदेरेसीने मोठ्या मुलाच्या नादाने एक संकरित गाय घेतली होती. गावात तशा गायीला जुळेल असा वळू नव्हता, म्हणून तालुक्याहून मुवोंगे नावाचा माणूस मोटारसायकलवर वळूच्या बीजाचं थंड नळकांडं बांधून यायचा. गाव त्याला 'चाकावरचा वळू' म्हणे, आणि तोही हसून घेई. गायीच्या शेपटीला रक्त दिसलं तेव्हा फेदेरेसीने त्याला निरोप पाठवला. तो आला, शेपूट उचलून बघितलं आणि मान हलवली.

"उशीर झाला, आई. माज कालपरवाच उतरला."

"उतरला कसा? रक्त तर आत्ता आलं!"

"रक्त मागाहून येतं. रक्त म्हणजे संपलं. पुढच्या खेपेला रक्ताची वाट बघू नका. गाय दुसऱ्या गायीवर चढायला लागली, हंबरायला लागली आणि मागून तार सुटली की बोलवा."

"कसली तार?"

"काचेसारखी. चिकट, लांबते ती." त्याने अंगठा आणि बोट जुळवून लांब केलं. "तीच खरी वेळ."

मुवोंगे तर चहा पिऊन गेला. फेदेरेसी तिथेच गोठ्याच्या खांबाला टेकून उभी राहिली. गाय तिच्याकडे बघत रवंथ करत होती.

काचेसारखी तार.

ती तार तिला माहीत होती. कोणत्या बाईला माहीत नसते? महिन्यातून दोनतीन दिवस येते, कपड्याला लागते, कोणी तिच्याबद्दल बोलत नाही कारण ती दुखत नाही आणि डागही पाडत नाही. ती कधी येते? पाळी संपताच येत नाही. ती येते मधेच. जेव्हा चाल बदलते, केस विंचरले जातात, थट्टेला उत्तर पटकन सुचतं.

ती घरात गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. चुलीवर केळी जळाल्याचा वास आला तेव्हा कुठे भानावर आली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती टेकडीवरच्या दवाखान्यात गेली. तिथे कोबुसिंगे नावाची दाई-नर्स नुकतीच बदलून आली होती, पश्चिमेकडची, गुरं पाळणाऱ्यांतली. तिच्या बोलण्याच्या हेलाची गावातली पोरं नक्कल करायची. फेदेरेसी आजवर तिच्याकडे गेली नव्हती. सेंगा आणि नर्स म्हणजे एकाच बाजारातल्या दोन दुकानदारणी. पण आज ती रांगेत बसली आणि नंबर आल्यावर दार लावून घेतलं.

"नर्सबाई, एक विचारायचंय. हसायचं नाही. बाईला पोर कधी राहतं?"

कोबुसिंगे हसली नाही. तिने विचारलं, "तुम्ही काय शिकवता?"

फेदेरेसीने सांगितलं. रक्त, उघडं दार, बंद दार, कुलूप. सांगता सांगता तिचा आवाज बारीक होत गेला, कारण समोरच्या पोरीचे डोळे मोठे होत चालले होते.

"उलटं आहे, आई," कोबुसिंगे हळू म्हणाली. "पूर्ण उलटं. बाईच्या पोटात अंडं तयार होतं आणि सुटतं ते मधे. पुढची पाळी यायच्या साधारण दोन आठवडे आधी. कोणाला तेव्हा एका कुशीत बारीक दुखतं. ती तार येते ती त्याचीच. पुरुषाच्या बीजाला वर जायला रस्ता ओला करून ठेवते. अंड्याच्या पांढऱ्यासारखी."

"आणि रक्त?"

"अंडं आलं, कोणी भेटलं नाही, म्हणून आत केलेलं अंथरूण काढून टाकायचं, ते रक्त. गायीचं रक्त वेगळं, कुत्रीचं आणखी वेगळं, बाईचं वेगळं. दिसायला सगळं लाल, म्हणून घोटाळा."

फेदेरेसीमधली शाळकरी पोर जागी झाली.

"ते अंडं किती टिकतं?"

"एक दिवस. फार तर."

"एकच? आणि पुरुषाचं?"

"तीनचार दिवस, कधी पाचही. आत वाट बघत बसतं."

"पुरुष वाट बघतो?" फेदेरेसी म्हणाली. "हे मी पहिल्यांदाच ऐकतेय."

आता मात्र दोघीही हसल्या. पण फेदेरेसीचं हसू लवकर संपलं. "मग माझ्या सांगण्याने काही जणींना पोरं झाली ती कशी? पाळी संपताच जायच्या नवऱ्याकडे."

"ज्यांची पाळी लवकर लवकर येते त्यांचं अंडंही लवकर सुटतं. बीज आत थांबलेलं असतं, गाठ पडते. आणि ज्या एकदा सुरुवात केली की महिनाभर थांबतच नाहीत," कोबुसिंगे म्हणाली, "त्यांना कोणताही नियम चालतो. म्हणून तर तुमचा नियम इतकी वर्षं चालला. आणि तुम्ही एकट्या नाही. आम्हाला शाळेत शिकवलंय, शंभर-दीडशे वर्षांपूर्वी मोठमोठे गोरे डॉक्टरही हेच म्हणायचे. कुत्री बघून त्यांनी ठरवलं होतं."

"त्यांनी कुत्री बघितली, आम्ही गाय बघितली," फेदेरेसी पुटपुटली. "बाईला कोणी विचारलं नाही. आणि मी तर विचारलंही होतं. त्या मला सांगत होत्या. मी ऐकून देवाचं कौतुक करत बसले."

उतार उतरताना तिला वाटलं, देव दयाळू नाही, लबाड आहे. ज्या दिवशी जाळं टाकतो त्याच दिवशी दिवा लावतो.

नाबोसाला सांगणं भाग होतं. कोणी म्हणालं असतं, गुपचूप म्हणावं की आता दिवस बदलून बघ, नवी मुळी आणलीय. फेदेरेसीच्या मनातही ते येऊन गेलं. पण ज्या पोरीला न्हाऊमाखू घातलं तिच्याशी असं वागणं तिला जमेना. नाबोसा ओट्यावर उखळात शेंगदाणे कुटत होती. फेदेरेसीने बसून सगळं सांगितलं, गायीपासून.

मुसळ थांबलं.

"म्हणजे तो घरी असायचा," नाबोसा म्हणाली, "तेव्हा काही होण्यासारखं नव्हतं. आणि होण्यासारखं असायचं तेव्हा तो तळ्यावर."

"हो."

"पाच वर्षं."

"हो गं."

"मी तर मधे तळ्यावर जायला निघाले होते, आत्या. दुसऱ्याच वर्षी. मला त्याची फार आठवण यायची तेव्हा. तूच म्हणालीस, ते दिवस फुकट जातात, कशाला वणवण करतेस."

फेदेरेसीला ते आठवत नव्हतं. पण आपण तसं म्हटलं असणार हे तिला कळलं. ती उठली आणि भाचीपुढे गुडघे टेकून बसली. मोठ्याने लहानापुढे असं बसायचं नसतं. नाबोसा दचकून मागे सरली.

"उठ, आत्या. कोणी बघेल."

"बघू दे."

"मला तुझ्या गुडघ्यांचं काय करायचंय!" नाबोसा ओरडली. "सासूच्या तोंडची कुसळं मी गिळली. स्वतःचं पोट बडवून घेतलं मी. जा तू. आज जा."

फेदेरेसी गेली. नाबोसा कित्येक आठवडे आली नाही. आत्याच्या घरासमोरून पाण्याला जाताना मान सरळ ठेवून जायची.

त्या काळात फेदेरेसीने दुसरं काम केलं. गावात बायकांचं एक मंडळ होतं, लग्न-मयताला एकमेकींच्या उपयोगी पडायचं. त्याच्या बैठकीत, आंब्याखाली, ती उभी राहिली आणि म्हणाली, "बायांनो, मी तुम्हाला दिवसांचं जे शिकवलं ते उलटं होतं." आणि कोबुसिंगेकडून शिकलेलं सगळं सांगितलं.

मग मागून तेओपिस्ता उठली. तेओपिस्ताला सहा मुलं, आणि चौथ्यानंतर ती फेदेरेसीकडे रडत आली होती की आता पुरे, मला बिनपोराचे दिवस सांग. तिने शेजारी ऊस चघळत बसलेल्या आपल्या धाकट्या मुलीचा दंड धरून तिला उभं केलं.

"ही घे! हा तुझा मधला दिवस! आणि हिच्या वरची, तीही तुझीच! मला तू म्हणालीस मोजण्यात चुकलीस. मी नवऱ्याला म्हटलं मी मूर्ख आहे, मला मोजता येत नाही!"

बायका हसायला लागल्या. तेओपिस्ता हसत नव्हती. "हसता काय? तुमच्यातल्या किती जणींच्या घरात असली कुलूपबंद पोरं आहेत ते सांगा!"

हसणं एकदम उतरलं. एकीने हात वर केला. मग दुसरीने. एक म्हातारी म्हणाली, "माझी तर सगळीच, पण मला माझ्या आत्याने सांगितलं होतं, हिने नाही." पुन्हा हशा झाला, पण आता वेगळा. तेओपिस्ता खाली बसली, मुलीचं उसाने चिकट झालेलं तोंड पदराने पुसलं आणि रागातच म्हणाली, "ही आली ते बरंच झालं म्हणा. पण मला ठरवू द्यायला हवं होतं."

"हो," फेदेरेसी म्हणाली. "तुला ठरवू द्यायला हवं होतं."

सगळ्यांनी माफ केलं असं नाही. दोन घरांनी आपल्या पोरी पलीकडच्या गावच्या सेंगाकडे पाठवल्या. तिथे जुनीच शिकवण चालू होती, पण ती सेंगा चुकले असं कधी म्हणत नव्हती, आणि लोकांना ते आवडतं. बाजारात एक टवाळ तिला बघून गायीसारखा हंबरला. तिने वळून विचारलं, "माज आलाय का रे? चाकावरच्या वळूला निरोप धाडू?" तो पुन्हा हंबरला नाही.

एका दुपारी नाबोसा दारात उभी राहिली. डोळे खोल गेलेले.

"सासू मुलगी बघून आलीय," ती म्हणाली. "तो पौर्णिमेला आला की विचारणार आहे."

"आणि तुझे ते दिवस?"

"पौर्णिमेनंतर. तो परत गेल्यावर. तेव्हा काळोख असतो, त्याला होडी सोडून येता येणार नाही. वाटेकरी काढून टाकतील."

"त्याला येता येत नसेल तर तू जा."

"घाटावर?" आमच्याकडे मासळीच्या घाटावर लग्नाच्या बायका जात नाहीत. तिथल्या झोपड्यांबद्दल लोक जे बोलतात त्यातलं निम्मं खरं असतं. सासूला कळलं तेव्हा ती म्हणालीच, "घाटावर कसल्या बायका जातात ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे," फेदेरेसी म्हणाली. "मी बरोबर जातेय. माझंही नाव त्यांच्यात घाला."

चंद्र निम्मा झाल्यावर त्या दोघी मासळीच्या रिकाम्या ट्रकमध्ये बसून निघाल्या. सकाळी घाटावर पोचल्या तेव्हा होड्या नुकत्याच लागल्या होत्या. वाळूवर जिकडेतिकडे मुकेने पसरलेले, उन्हात चमकत होते, आणि वर पक्ष्यांचा कालवा. लुतवामा जाळं खांद्यावर घेऊन येत होता. बायको आणि तिची आत्या समोर बघून त्याचं जाळं अर्धं वाळूत घसरलं.

"कोण गेलं?" त्याने घाबरून विचारलं.

"कोणी नाही. कोणीतरी यावं म्हणून आलोय," फेदेरेसी म्हणाली. तिने त्याला एका उलट्या होडीआड नेलं आणि जावयाशी जे बोलायला बायका लाजतात ते सगळं बोलली. लुतवामा वाळूकडे बघत ऐकत होता. शेवटी त्याने विचारलं, "म्हणजे माझ्यात काही कमी नाही?"

"ते मला माहीत नाही, बाबा. तिच्यात आहे का तेही माहीत नाही. पाच वर्षं आपण कोरड्यात पेरलं. जमिनीला आणि बियाण्याला दोष कसा द्यायचा? नर्सबाई म्हणते, आता वर्षभर बघा. नाही झालं तर दोघांनी तपासून घ्या, आणि आधी तू, कारण पुरुषाची तपासणी सोपी असते."

"सोपी म्हणजे कशी?"

फेदेरेसीने सांगितलं. लुतवामाच्या कानाच्या पाळ्या तापल्या, आणि मग तो असा हसला की लांब वाळूवरच्या बायका वळून बघायला लागल्या.

कोळ्याची रात्र म्हणजे दिवस. लुतवामा सकाळी झोपडीत निजायचा. फेदेरेसी ती सकाळ, आणि पुढच्याही दोन सकाळी, वाळूवर मासळी उलथणाऱ्या बायकांत जाऊन बसली, झोपडीकडे पाठ करून. त्या बायकांना तिने त्यांचे दिवस विचारले, त्यांना नवरे कसे भेटले ते विचारलं. एकीने सांगितलं, तिला माणसाचा आवाज लागतो, डोळे मिटून ऐकते आणि ठरवते. दुसरी म्हणाली, मला तर जो पैसे वेळेवर देतो त्याचाच वास आवडतो. परत निघायची वेळ झाली तेव्हा नाबोसा ट्रकजवळ आली ती मोकळ्या हाताने, गाठोडं न घेता.

"तू जा, आत्या. मी राहते इथे."

"सासू काय म्हणेल?"

"म्हणू दे. इथे ऐकू येत नाही."

ती राहिली. तिने मुकेने वाळवून विकायला सुरुवात केली. पहिल्या महिन्यात काही झालं नाही, दुसऱ्यातही नाही, आणि सासू गावात म्हणत राहिली की गायीच्या डॉक्टरकडून माणसाचं औषध झालंय कुठे. दुसरी सून आणायची बोलणी मात्र थांबली, कारण पौर्णिमेला लुतवामा घरी आलाच नाही, त्याला यायचं कारणच उरलं नव्हतं. आमच्याकडे वर्षात दोन पावसाळे, त्यातल्या पुढच्या लहान पावसाच्या तोंडावर ट्रकवाल्याने निरोप आणला: नाबोसाला मासळीचा वास सहन होत नाही, सकाळी उलट्या होतात. फेदेरेसीने चुलीवरचं भांडं उतरवलं आणि दारात बसून राहिली. नंतर कितीतरी वेळ ती रडत होती की हसत होती ते शेजारणीला नीट सांगता आलं नाही.

मुलगी झाली. कोबुसिंगेच्या दवाखान्यातच. सासूने नात मांडीवर घेतली आणि जाहीर केलं की ही आपण बांधलेल्या ताईताची कृपा. लुतवामा म्हणाला, तळ्याची हवा. नाबोसा म्हणाली, "तिथे मी हसायला लागले होते, त्यामुळेही असेल." फेदेरेसीने कोबुसिंगेला बाजूला घेतलं.

"यातलं खरं कोणतं?"

"दिवस," कोबुसिंगे म्हणाली. मग थोडा विचार करून म्हणाली, "पण हसण्याला नाही म्हणायला माझ्याकडे काही पुरावा नाही."

हे उत्तर फेदेरेसीला फार आवडलं. तेव्हापासून त्या दोघींची गट्टी जमली. फेदेरेसी अजून शिकवते. शिकायला येणाऱ्या पोरी कमी झाल्या होत्या, आता पुन्हा वाढल्यात, आणि कधी कधी त्यांच्याबरोबर नवरदेवही येतो, लांब केळीच्या बुंध्याशी कान देऊन बसतो. परवाच एक नवरी आली होती, धीट पोर. सगळं ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "पण सेंगा, अंडं एकच सुटतं म्हणता, मग जुळी कशी होतात? आणि काही जुळी एकासारखी एक, काही अगदी वेगळी, असं का?"

फेदेरेसी चटईवरून उठत म्हणाली, "चल, चपला घाल. नर्सबाई दुपारपर्यंत असते."

आणि दोघी टेकडी चढायला लागल्या, म्हातारी पुढे, पोर मागे.